गुरुवारी प्रस्थान, शुक्रवारी प्रयाण

शत्रूची फौज वाघोलीस उतरल्याची बातमी पुण्यात बुधवारी सकाळी आली. गुरुवारी सकाळी आमचे प्रस्थान घराबाहेर गेले. आम्ही स्वतः शुक्रवारी दुपारी निघालो. चार माणसे होतो: वडील, आई, थोरल्या भावाची बायको उमावहिनी आणि मी. थोरला भाऊ बापू आमच्याबरोबर नव्हता.

घर कसबा पेठेत होते. निघताना आईने चूल सारवली. ज्या घरात संध्याकाळी कोणी असणार नाही त्या घराची चूल सारवण्याचे कारण तिला कोणी विचारले नाही. वडिलांनी कुलूप लावून ओढून पाहिले, मग पुन्हा ओढून पाहिले. शेजारच्या तांबट आळीत सकाळपासून ठोक्यांचा आवाज नव्हता. तो आवाज बंद असलेली गल्ली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

मी तेव्हा एका बातमीच्या दप्तरात उमेदवारी करीत होतो. जासूद ठिकठिकाणच्या खबरा आणीत, आम्ही त्या नीट लिहून परगावच्या सरदारांना आणि सावकारांना पाठवीत असू. दप्तराचे मुख्य भिकाजीपंत. त्यांचा नियम असा होता की पाहिलेली बातमी वेगळी लिहायची, ऐकलेली वेगळी, आणि दोन तोंडांनी आल्याशिवाय कोणतीही बातमी खरी म्हणून पुढे धाडायची नाही. एखाद्या उमेदवाराने घाई केली की ते म्हणत, "आपल्याला पहिलं पोचायचं नाही, परत माघार घ्यावी लागणार नाही असं पोचायचं आहे." हे लिहिताना मी तोच नियम पाळला आहे.

पुण्यात राहिलेली मंडळी मला अजून विचारतात की इतकी घाई कशाला केलीत. बाहेर पडलेली मंडळी विचारतात की इतका उशीर कसा केलात. दोन्ही प्रश्न त्या एकाच शुक्रवारबद्दल आहेत. दोघांनाही एकदाच उत्तर द्यावे म्हणून जे माहीत आहे ते क्रमाने लिहितो.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते वैद्य. नाडीवर बोटे ठेवली की इतका वेळ ठेवीत की रोग्याला झोप येई. कोणी काही विचारले, मग ते औषधाचे असो, लग्नाचे असो की नवे जोडे घ्यायचे असो, त्यांचे उत्तर ठरलेले असे: "बघू." या शब्दाचा अर्थ हो नाही आणि नाहीही नाही, हे आम्हांला लहानपणी कळले. गल्लीत त्यांची थट्टा होई. शेजारचे दामोदरपंत म्हणत, "आबा वैद्यांकडे जायचं तर आजारी पडायच्या आधी जावं, म्हणजे वेळेवर औषध मिळतं." आबा त्यावरही हसून म्हणत, "बघू." पण त्यांच्या हातून घाईने दिलेल्या औषधाने कोणी दगावले, असे कसब्यात कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. हे दामोदरपंतही मान्य करीत.

बापू याच्या उलटा. वाघोलीच्या जकात चौकीवर कारकुनाची जागा आहे, असे त्याला कोणी सांगायला आले, तेव्हा पगार ऐकून घेण्याआधी तो हो म्हणाला. आबा म्हणाले, "अरे, निदान चौकी बघून तरी ये." तो म्हणाला, "कामावर गेलो की दिसेलच की." लग्नाच्या वेळी मुलगी पाहून परतताना मंडळी गल्लीच्या तोंडाशी आली नाहीत तोच त्याने होकार सांगून टाकला. उमावहिनी ही गोष्ट स्वतः सांगत आणि हसत. वरचेवर तो वाघोलीहून पायी घरी येई आणि दारातूनच पानं घ्या म्हणून ओरडे.

तेव्हा शत्रू वाघोलीस उतरला, या बातमीचा आमच्या घरात एकच अर्थ होता. बापू कुठे आहे?

बुधवारी गल्लीतली बरीच घरे रिकामी झाली. दामोदरपंत दुपारच्या आत बैलगाडी जुंपून पश्चिमेला निघाले. जाताना गाडीतून ओरडले, "आबा, आता नाडी सोडा आणि निघा!" आबांनी हात वर केला. आईने स्पष्ट सांगितले की बापू आल्याशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकणार नाही. उमावहिनींनी बापूच्या पानावर झाकण घातले आणि ते ओट्यावर ठेवले. आबांनी मला विचारले, "तुझं दप्तर काय म्हणतं?" मी सांगितले की चौकी जळाली अशी खबर आहे, पण एकाच तोंडची आहे. कारकून निसटले की सापडले, हे कोणालाच माहीत नाही. आबा म्हणाले, "मग बघू."

गुरुवारी त्यांनी प्रस्थान ठेवायचे ठरवले. जे पुण्याबाहेर वाढले त्यांच्यासाठी सांगतो. प्रवासाचा चांगला दिवस आला आहे पण माणसाला निघता येत नाही, अशा वेळी त्याच्या वस्त्रात तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधून ते गाठोडे जायच्या दिशेला, आपल्या हद्दीबाहेर, दुसऱ्याच्या घरी ठेवतात. गाठोडे गेले म्हणजे माणूस निघाला असे मानतात. मागाहून तो सवडीने जातो आणि वाटेत ते उचलून घेतो. आम्हांला पश्चिमेला, पौडाच्या वाटेने जायचे होते. शुक्रवारी पश्चिमेला निघणे वर्ज्य. पण गुरुवारी प्रस्थान ठेवले असेल तर शुक्रवारी निघायला हरकत नाही, असा आबांचा हिशेब होता.

हिशेब शास्त्राला धरून होता. त्याचा दुसरा उपयोग घरात सगळ्यांना दिसत होता. निघा म्हणणाऱ्यांना सांगता येत होते की निघालो, आणि आईला सांगता येत होते की थांबलो आहोत. आबांनी आपले उपरणे पसरले, त्यात तांदूळ बांधले आणि ते मला घेऊन नदीपलीकडे एरंडवण्यास पाठवले. तिथे त्यांचे मित्र विष्णुपंत यांचा मळा होता. विष्णुपंतांच्या पत्नी सावित्रीकाकूंनी गाठोडे देवघराच्या कोनाड्यात ठेवले आणि विचारले, "आणि माणसं कधी?" मी म्हटले, "उद्या." त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाचा उद्या मला ठाऊक आहे."

शुक्रवारी सकाळी दोन जासूद दप्तरात आले. एक खराडीकडून, एक संगमाकडून. दोघांनी वेगवेगळे तेच सांगितले, की शत्रूचे स्वार शहराकडे निघाले आहेत. भिकाजीपंतांनी बातमी खरी म्हणून लिहिली, दौत बंद केली आणि आम्हांला घरी जायला सांगितले. मी घरी येऊन आबांना तसेच सांगितले. या वेळी त्यांनी बघू म्हटले नाही. आई उठून चूल सारवू लागली.

लाकडी पुलावर गाड्या, गुरे आणि माणसे अडकून पडली होती. चैत्राचे दिवस, नदीला गुडघाभर पाणी. म्हणून आम्ही पुलाकडे गेलोच नाही, ओंकारेश्वराच्या बाजूच्या उतारावरून पायी नदी ओलांडली आणि पलीकडच्या काठाने विष्णुपंतांच्या मळ्यात पोचलो.

सावित्रीकाकू अंगणात उभ्या होत्या. आम्हांला पाहून त्यांनी आधी आमच्या मागे पाहिले.

"बापू कुठाय?"

आबा म्हणाले, "बापू? तो तर..."

"अहो, आत्ता गेला तो! तुम्हांलाच आणायला गेला. पुलावर भेटला नाही?"

त्यांनी सांगितले ते असे. बापू बुधवारीच चौकीवरून निसटला होता. वाघोलीहून सरळ शहराकडे येणारी वाट बंद झाली म्हणून तो उत्तरेकडच्या गावांतून फिरत, दापोडीपाशी नदी ओलांडून मळ्यात आला. पायाला चिंध्या बांधल्या होत्या. त्याने आमची चौकशी केली. सावित्रीकाकूंनी कोनाड्यातले गाठोडे दाखवले. ते अजून तिथेच आहे, याचा अर्थ आम्ही अजून शहरात आहोत, हे त्याला सांगावे लागले नाही. तो लगेच वळला.

"मी म्हटलं, घोटभर ताक तरी घे, भांडं भरलंय. तर म्हणतो, काकू, आबा बघू बघू करत बसले असतील, त्यांना उचलून आणतो. आणि पळाला."

भांडे ओसरीवर तसेच होते. मातीचे भांडे, बाहेरून ओले.

त्या भांड्याचा विचार मी पुढे पुष्कळ केला आहे, आणि माझ्यासारख्या माणसाने करायचा तसाच, म्हणजे बाजू मांडून केला आहे. आम्ही बुधवारी निघालो असतो तर कोनाड्यात गाठोडे नसते आणि बापू आमच्या मागोमाग पश्चिमेला आला असता. तेव्हा थांबल्याने नुकसान झाले. बापूने ताक पिण्यापुरता दम धरला असता तर तो आम्हांला त्या अंगणातच भेटला असता. तेव्हा न थांबल्याने नुकसान झाले. तिसरी गोष्टही लिहिली पाहिजे. दामोदरपंतांची गाडी बुधवारी निघाली, तिला घाटात आपल्याच बाजूच्या पळपुट्या शिपायांनी गाठले. दामोदरपंत आणि त्यांचा जावई तिथे मारले गेले. हे मला त्यांच्या पत्नीने आणि गाडीवानाने, दोघांनी वेगवेगळे सांगितले. आम्ही शेजारी होतो. बुधवारी निघतो तर त्याच वाटेने, बहुधा त्यांच्याच सोबतीने निघतो.

मळ्यात आम्ही थांबलो. मी पुलाकडे जायला निघालो तेव्हा समोरून येणाऱ्या लोकांनी सांगितले की पुलाच्या पलीकडच्या टोकाला स्वार आहेत. थोड्या वेळाने कसब्याच्या दिशेला धूर दिसला. विष्णुपंत गाड्या जुंपून आले. उमावहिनी म्हणाल्या, "मामंजी, आपण व्हा पुढे. मी इथं थांबते. तिकडून येणं होईल तेव्हा इथं कोणीतरी असायला हवं."

आबांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "चला," म्हणाले. वहिनी हलेनात. आईने आणि सावित्रीकाकूंनी त्यांना दोन्ही दंडांना धरून गाडीत बसवले. आबांनी गाठोडे घेतले आणि गाडीच्या मागून चालू लागले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. मी पाहिले. धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता.

पौड, मग घाट, मग कोकण. आई कोकणातच तापाने गेली. शेवटपर्यंत ती आबांशी बापूबद्दल एक शब्द बोलली नाही. तिथेच एका पळून आलेल्या दुकानदाराने आबांना सांगितले की जकातीचा एक कारकून पुलाजवळ मारला गेला, असे त्याने ऐकले आहे. त्याने पाहिले नव्हते. ज्याच्याकडून ऐकले त्याचे नाव त्याला आठवत नव्हते. ही एका तोंडची आणि तीही ऐकलेली बातमी. आबांनी मला विचारले, "तुझ्या दप्तरात ही लिहितील का?" मी म्हटले, नाही. ते म्हणाले, "मग आपणही धरायची नाही."

पावसाळ्यानंतर गलबताने सुरतेस आणि तिथून बडोद्यास आलो. बातमीच्या कामाला माणसे हवी होती, मला जागा मिळाली. तेव्हापासून इथेच आहोत.

आम्ही एका पोळीत राहतो. पुणेकरांना हा शब्द ऐकून भूक लागते. इथे पोळ म्हणजे एकाच दरवाजाच्या आतली गल्ली, रात्री दरवाजा लावला की सगळी गल्ली एक घर होते. पहिली दोन वर्षे आम्ही खोलीला खोली म्हणत होतो, आता ओरडो म्हणतो. उमावहिनी भाजीला शाक म्हणतात आणि आपण असे म्हणतो हे त्यांच्या लक्षातही येत नाही. आबांना जास्त त्रास झाला. गुळवेल इथे गळो, अडुळसा अरडूसी, ओवा अजमो. चाळीस वर्षे जी पाने डोळे मिटून ओळखली त्यांना दुकानात जाऊन दुसऱ्याच नावाने हाक मारायची. सुरुवातीला ते दुकानदाराला पान हातात घेऊन दाखवत. त्यांची नाडी पाहण्याची रीत मात्र इथे लोकांना आवडली. इथले लोक म्हणतात, हा दक्षिणी वैद्य उतावळा नाही. कसब्यात ज्या गोष्टीची थट्टा झाली तिच्यावर इथे घर चालले.

इथल्या नदीत मगरी आहेत. विश्वामित्री दिसायला शांत, पण पाण्यात पाय घालण्याआधी प्रत्येक माणूस काठावर थांबतो आणि पाहतो. मुठेत आम्ही धावत येऊन उड्या मारत होतो. बापू सर्वांत आधी.

बडोद्यातल्या आमच्या मंडळींत उमावहिनींचा प्रश्न पहिल्या वर्षापासून होता. त्या सवाष्ण की नाही? आबांनी त्याचे उत्तर कोणालाच दिले नाही. बघू म्हणाले आणि त्या शब्दाखाली वहिनींचे कुंकू, मंगळसूत्र आणि केस राहिले. ज्या सवयीने मुलगा गेला असे लोक म्हणत, तिच्यामुळेच सून तशी राहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी फिटते असे मला दिसत नाही.

एका चैत्रात, पोळीतल्या हळदीकुंकवाला, यजमानीण कुंकू लावत वहिनींपर्यंत आली आणि तिचे बोट करंड्यातच थांबले. सगळ्या बायका पाहू लागल्या. वहिनी म्हणाल्या, "लावायचं नव्हतं तर बोलवायचं नव्हतं. आता आलेय तर लावा, हरभऱ्याची डाळ सुकतेय." तिने लावले. वहिनींनी ही गोष्ट घरी येऊन हसत सांगितली आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षे त्याची खबर लागली नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करायचे, असे शास्त्र आहे. बारा वर्षे भरत आली तसे आमच्या मंडळींचे उपाध्ये नानाभट घरी येऊ लागले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते की विधी न झालेला माणूस ना इकडचा ना तिकडचा.

"वैद्यबुवा, किती दिवस त्याला असं टांगून ठेवायचं? तुम्हांला श्राद्धाच्या दिवशी घास जातो का?"

"नाही जात."

"मग?"

"पण समजा तो असला तर?"

"असता तर बारा वर्षांत आला नसता? तुमचा बापू आणि थांबणारा?"

बापू थांबणारा नव्हता, हे आबांइतके कोणाला माहीत नव्हते. वयही झाले होते. आपल्या मागे हा निर्णय सुनेवर आणि माझ्यावर पडेल, हे त्यांना दिसत होते. शेवटी त्यांनी दिवस धरायला सांगितला. वहिनींना त्यांनी स्वतः सांगितले. वहिनी म्हणाल्या, "आपण सांगाल तसं." त्यानंतर त्या कोणत्याही घरी हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. धरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी नानाभटांनी पळसाची पाने आणून पडवीत ठेवली.

त्याच दिवशी दुपारी हुसेनभाई कागदी आमच्या दप्तरात आले. हे कसब्यातले, आमच्याच मागच्या गल्लीतले. त्यांच्या घराण्याचा कागदाचा कारखाना आहे आणि पुण्यात भिकाजीपंतांचे दप्तर त्यांचाच कागद वापरी. अहमदाबादेस व्यापारासाठी जाताना ते बडोद्यास उतरले होते. मला पाहून त्यांनी मिठी मारली आणि म्हणाले, "वैद्यबुवा आहेत? चला, आधी त्यांना नाडी दाखवतो. पुण्यात आता नाडी बघतात ती पळत्या घोड्यावरून बघितल्यासारखी."

घरी आल्यावर आबांना आनंद झाला. थोडा वेळ पेठेच्या गप्पा झाल्या. कोण राहिले, कोण परत आले. मग हुसेनभाईंची नजर पडवीतल्या पानांवर गेली. त्यांनी विचारले, मी सांगितले. ते माझ्याकडे वळले.

"बापू पुलाजवळ गेला, असं कोण म्हणालं?"

मी ऐकलेली बातमी सांगितली.

"मला ते माहीत नाही. मी त्याला पाहिलं ते तुमच्या घराशी."

आतल्या दारामागे बांगड्यांचा आवाज झाला. आबा म्हणाले, "कधी?"

"त्याच शुक्रवारी. आम्ही मागच्या बोळातून निघत होतो. हा तुमच्या पायरीवर बसलेला. दाराला कुलूप. मी म्हटलं, अरे, तुझी माणसं गेली, ऊठ, चल आमच्याबरोबर. तर म्हणाला..." हुसेनभाई थांबले. "आबासाहेब, राग नका मानू."

"बोला."

"म्हणाला, हुसेनभाई, आबा कधी एका खेपेत घराबाहेर पडलेत का? कुलूप लावलं की नाही ते बघायला परत येतील. मी आत्ता गेलो तर पुन्हा चुकामूक व्हायची. थांबतो."

खरे होते. आबा कधीही एका खेपेत बाहेर पडत नसत. कोपऱ्यापर्यंत जाऊन ते परत येत, कुलूप ओढून पाहत आणि मग जात. शेजारी यावर दर खेपेला हसत. त्या शुक्रवारी ते परत आले नाहीत.

आबांनी विचारले, "किती वेळ बसला होता?"

"ते मला कसं ठाऊक? मी गेलो तेव्हा बसला होता. गल्लीच्या पुढच्या तोंडाशी घोडे आले होते, आम्ही मागून निघालो. पुढचं मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं मी सांगणार नाही."

आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्यांची बोटे हलत होती, एरवी रोग्याच्या मनगटावर ठेवल्यासारखी. तेवढ्यात दुसऱ्या दिवशीची सामग्री सांगायला नानाभट आले, त्यांनाही सगळे सांगावे लागले. ऐकून ते म्हणाले की याने शास्त्राला बाधा येत नाही, ही बारा वर्षांपूर्वीचीच खबर आहे, नंतरची नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

उमावहिनी दार उघडून बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर त्या कधी येत नसत. पदर सावरून त्या नानाभटांना म्हणाल्या, "भटजी, बसलेल्या माणसाचं दहन करतात का?"

नानाभटांनी आबांकडे पाहिले. आबांनी माझ्याकडे पाहिले. मी बातमीदार. मला दोन तोंडे मिळाली होती, एक ऐकलेले आणि एक पाहिलेले, आणि दोघांचे एकमेकांशी जुळत नव्हते. पायरीवरून उठून बापू पुलाकडे गेला असेल. पायरीवरून उठलाच नसेल. तिसरीकडे गेला असेल. यातले एकही मला लिहिता येत नव्हते. मी तसे सांगितले.

वहिनींनी पडवीतली पाने उचलली, नीट एकावर एक ठेवली आणि नानाभटांच्या हातात दिली. ते घेऊन गेले.

हुसेनभाई रात्रीच्या जेवणाला थांबले. आबांनी त्यांना पुन्हा ती गोष्ट सांगायला लावली, मग पुन्हा. कोणत्या पायरीवर, वरच्या की खालच्या? पाय कसे होते? हुसेनभाईंनी तिन्ही वेळा तेच सांगितले. मधल्या पायरीवर. पायाला चिंध्या होत्या.

विधी झालेला नाही. आमच्यातली काही घरे उमावहिनींना हळदीकुंकवाला बोलावतात, काही बोलावत नाहीत. पुण्याहून पत्रे येतात, आता शांतता आहे, परत या, असे लोक लिहितात. परत जाण्याचा विषय निघाला की वहिनी कामाला उठून जातात. आबा आता फार बाहेर पडत नाहीत. तुमचे घर कुठले, असे इथे कोणी विचारले तर पूर्वी ते पुणे म्हणत, मग थोडी ओळख वाढली की कसबा पेठ म्हणत. हुसेनभाई येऊन गेल्यापासून विचारणारा अगदी परका असला तरी त्याला ते घराचे दार कोणत्या दिशेला आहे, गल्लीच्या कोणत्या तोंडाने आलो तर ते आधी दिसते आणि तिथे बसलेल्या माणसाला कुठपर्यंतचे दिसू शकते, हे सांगत बसतात. ऐकणारा कंटाळतो. मी त्यांना थांबवत नाही.

घराबद्दल दोन माणसांकडून खबर आली आहे, एक हुसेनभाईंकडून आणि एक विष्णुपंतांच्या मुलाकडून. दोघांनी स्वतः जाऊन पाहिले आणि दोघांचे जुळते. घर त्याच दिवशी जळाले. त्या जागेवर अजून कोणी बांधलेले नाही. पायऱ्या दगडी होत्या, त्या तिन्ही आहेत.